शिळ्या पाण्यावरची जाळी

धाराशिवच्या आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकाच्या खोलीला लागून एक अंधारी कोठी होती. घरमालकांनी ती ज्वारीची पोती ठेवायला बांधली होती, पण आम्ही ज्वारी कधी पोत्यानं आणली नाही, त्यामुळं ती रिकामीच पडून होती. तिच्यात शहाबादी फरशीचा एक कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर मी माझं सगळं शास्त्र मांडलं होतं. फोटो स्टुडिओवाल्याकडून मिळवलेली एक उथळ काचेची ताटली, तिच्या काठांना लावलेलं मेण, एक बारीक चिमटा, फिल्टर पेपरच्या चकत्या आणि वर झाकायला परात. मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि पुण्याच्या एका सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. ताटली कोठीत का, प्रयोगशाळेत का नाही, असं जो तो विचारायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेमागं पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की ताटलीतलं पाणी थरथरायचं, आणि मला पाणी अगदी निपचित हवं होतं. घरात गिरणी नव्हती. घरात आत्याबाई होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडं कशा आल्या आणि त्यांनी काय केलं हेच मला सांगायचं आहे, पण त्याआधी त्या ताटलीत काय चाललं होतं ते सांगावं लागेल.

काही जिवाणूंच्या अंगावर प्रथिनाचं एक आवरण असतं. सगळे कण एका मापाचे, एकमेकांत अडकलेले, मध्ये सारख्या अंतरावर भोकं, अशी ती जाळी असते. गंमत अशी की हे कण सुटे करून पाण्यात सोडले तर ते पाण्याच्या तोंडावर, म्हणजे अगदी वरच्या पृष्ठभागावर, येतात आणि पुन्हा तीच जाळी विणतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. मग ही जाळी अलगद उचलायची, एखाद्या गुळगुळीत पृष्ठभागावर अंथरायची आणि वरून धातूचा अगदी हलका शिडकावा करायचा. भोकं असतील तिथं धातूचे ठिपके बसतात. दोन ठिपक्यांमधलं अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारो ठिपके एका ओळीत बसतील. इतकी बारीक नक्षी काढणारं अवजार माणसाच्या हाताला तेव्हा तरी सहज मिळत नव्हतं. जिवाणूकडं ते आयतं होतं.

तुळजापूरच्या बाजारात पत्र्याचे रांगोळीचे छापे मिळतात. तळाला भोकं असतात, आत रांगोळी भरायची आणि उंबऱ्यापुढं ठोकायचं की कमळ उमटतं. माझा विषय नेमका तोच होता, फक्त छापा जिवाणूनं घडवलेला होता. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना मी हा विषय समजावून समजावून थकले होते. आत्याबाईंना छाप्याचं उदाहरण दिलं तर त्या म्हणाल्या, "मग सरळ छापा म्हण की. त्यात काय एवढं."

या विषयाचा नाद मला लागला तो असा. उन्हाळी सुट्टीत प्राध्यापकांसाठीच्या एका वर्गाला मी पुण्याला गेले होते. तिथं सरांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेला एक फोटो पडद्यावर दाखवला. राखाडी रंगावर चौकटीला चौकट, ओळीला ओळ. मला वाटलं कुठल्या तरी कापडाचा फोटो आहे. सर म्हणाले, हे कुणी विणलेलं नाही, हे आपोआप झालेलं आहे. वर्ग संपल्यावर मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि म्हटलं, मला हे करायचंय. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? मी सांगितलं.

"म्हणजे दुष्काळी भाग," सर म्हणाले. "मग तुमच्याकडच्या विहिरींच्या पाण्यावर काही का करत नाही? त्याची फार गरज आहे."

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की समोरचा ते बोलणार हे मला त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं. विहिरींच्या पाण्याशी माझं भांडण नाही. ज्यांना आवडतं त्यांनी ते जरूर तपासावं. पण पुण्यातल्या पोरीला कुणी म्हणत नाही की बाई, तू मुठेच्या पाण्यावरच कर. आम्ही तहानलेले, म्हणून आम्ही फक्त पाण्याचंच कुतूहल ठेवायचं, हा कुठला न्याय? माझे वडील लोहाऱ्याला तहसील कचेरीत कारकून होते. आमच्या सगळ्या भावकीत पहिली कायमची नोकरी त्यांची. मी सातवीत असताना चंद्राच्या कलांची वही करत होते तेव्हा त्यांनी मला कधी विचारलं नाही की याचा उपयोग काय. उलट गच्चीवर माझ्याबरोबर येऊन बसायचे. त्या माणसाची मी मुलगी, त्यामुळं जिन्यातच सरांना म्हटलं, "सर, मला हीच जाळी पाहिजे."

सर हसले. म्हणाले, प्रथिन मी देतो, थर तिकडं करून आणा, इथं बघू.

तेव्हापासून माझ्या खेपा सुरू झाल्या. प्रथिनाची इवलीशी शिशी बर्फाच्या थर्मासमधून धाराशिवला यायची. ती थंड ठेवायची कुठं हा प्रश्न माझ्या नवऱ्यानं सोडवला. तो सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात यंत्रं सांभाळायचा. तिथं दूध गार करायला बर्फगार पाण्याची मोठी टाकी होती. त्यानं शिशी एका झाकणाच्या बरणीत घातली, बरणीला सुतळी बांधली आणि ती टाकीत सोडून दिली. सगळं केंद्र तिला "वहिनींची शिशी" म्हणायचं. सकाळी दूध घेऊन आलेले गावोगावच्या दूध संस्थांचे सेक्रेटरी सुतळी ओढून बघायचे, आहे का जागेवर. एकानं नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं की त्यात तेरखेड्याच्या फटाक्यांची दारू तर नाही ना, नाहीतर दुधासकट उडायचो. नवरा घरी येऊन हे सांगताना इतका हसला की त्याला ठसका लागला.

शिशीची सोय झाली, पण जाळी काही होत नव्हती. मी ताटलीत पाणी भरायची, प्रथिन सोडायची, थोडा वेळ थांबायची आणि तांब्याची बारीक चकती पाण्याच्या तोंडाला टेकवून थर उचलायची. लगेच उचलावं लागे, कारण कितीही जपलं तरी आमच्याकडची धूळ कुठून ना कुठून येतेच. मग पाणी फेकून ताटली पुन्हा पहिल्यापासून धुवायची. अशा चकत्या डब्यात घालून मी पुण्याला जायची आणि सूक्ष्मदर्शकात दिसायची ती फाटक्या गोधडीची चिरगुटं. कुठं तुकडा, कुठं सुरकुती, कुठं नुसतंच काही नाही. सर चांगले होते, त्यामुळं बरेच दिवस काही बोलले नाहीत. शेवटी एका खेपेला म्हणाले, "हे बघा, पुढच्या वेळी जाळी दिसली तर तुम्ही धाराशिवहूनच पुढे चालू ठेवा, मी काही म्हणणार नाही. नाही दिसली, तर मात्र विहिरी."

मी बरं म्हणाले.

त्यातून ते वर्ष कोरडं. आदल्या वर्षीचा पाऊसही पाठ फिरवून गेलेला. नळाला पाणी कधी येईल ते नगरपालिकेलाही ठाऊक नसायचं आणि गल्लीत टँकर आला की बादल्यांच्या खणखणाटानं कळायचं. माझ्या ताटलीला साधं पाणी चालत नसे, शुद्ध केलेलं पाणी लागे. ते कॉलेजात व्हायचं. पण पाण्याची वाफ गार करायला नळ सतत सोडून ठेवावा लागतो, त्यामुळं बाटलीभर शुद्ध पाण्यासाठी हौदभर पाणी मोरीतून वाहून जायचं. प्राचार्यांनी एक दिवस ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून ते यंत्र बंद. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. माझ्याकडं शिल्लक होत्या त्या बाटल्या मी मोजून मापून वापरू लागले.

आणि अशात आत्याबाई आल्या. लोहाऱ्याच्या पलीकडं आमचं गाव. तिथल्या वस्तीवरची विहीर तळाला गेली, तेव्हा नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तांब्याची कळशी. कळशी कशाला आणली म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तिथं कुणासाठी ठिवू? विहिरीसाठी?"

आत्याबाईंनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, कामावर वाटलेली सुकडी खाल्ली होती आणि पाण्यासाठी रात्री-अपरात्री विहिरीच्या काठाशी नंबर लावले होते. या सगळ्याबद्दल त्या रडून कधी बोलल्या नाहीत, बोलल्या तर चेष्टेनंच. मुकादम कसा घोरायचा, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी कशी लाल व्हायची आणि कशी घशाखाली उतरायची नाही, असलंच. पण त्या काळानं त्यांना एक कायदा शिकवला होता आणि त्या कायद्याला अपवाद नव्हता. भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं कढीपत्त्याच्या झाडाला. आंघोळ परातीत बसून, आणि ती परात मोरीत कधी उपडी व्हायची नाही. आमच्या घरात पाण्याला सहजासहजी मरण नव्हतं.

माझ्या ताटलीचं त्यांना पहिल्या दिवशीच वावडं झालं. मी थर उचलला आणि सवयीनं पाणी मोरीत ओतायला निघाले, तर त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत्ताच तर घेतलंस. मळलंय कुठं?"

"आत्याबाई, त्यात प्रथिन आहे."

"मग झाडाला चांगलंच की."

कढीपत्त्याच्या झाडाला त्या दिवसापासून जगातलं सगळ्यात महाग पाणी मिळू लागलं आणि ते खरोखर फोफावलं.

एकदा त्यांनीच विचारलं, की पाण्यावर थर बसतो म्हणजे काय बसतं, दिसत तर काहीच नाही. मी एका थाळीत पाणी घेतलं, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि काडीच्या टोकानं तेलाचा एक थेंब मध्ये टेकवला. पावडर क्षणात काठाला पळाली, मध्ये स्वच्छ गोल राहिला. आत्याबाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणिक एकदा." मग स्वतः केलं. मग शेजारणीला बोलावून आणलं आणि तिला करून दाखवलं. "त्येल कसं पसरतंय बघ. त्याच्याखाली आणिक बारीक व्हायला जागाच न्हाय, एकच थर. हिच्या कॉलेजात शिकिवत्यात." मी कॉलेजात हे कधीच शिकवलं नव्हतं, पण शेजारीण माझ्याकडं बघत होती, त्यामुळं मान हलवली. पावडरचा डबा त्या आठवड्यात संपला. त्या थाळीचंही पाणी झाडाला गेलं.

मला त्या फार आवडू लागल्या होत्या. हे मी कबूल करते, कारण लग्नाच्या वेळी मला त्यांची धास्ती वाटायची. शिकलेली सून आणि अंगठा उठवणारी सासू, असं म्हणून लोकांनी आधीच आमची भांडणं लावून दिली होती. प्रत्यक्षात भांडायला आम्हाला पाणी हा एकच विषय मिळाला आणि त्यात मला मजा यायची.

पुण्याला जायचा आदला दिवस. शेवटची संधी म्हणून मी सकाळपासून जपून जपून कामाला लागले होते. ताटली धुतली, मेण नव्यानं लावलं, बाटलीतलं पाणी भरलं. दुपारी प्रथिन सोडलं आणि आता थोडा वेळ थांबून थर उचलणार, तोच कॉलेजचा शिपाई सायकलवर दारात. परीक्षेच्या देखरेखीला एक जण कमी पडला होता, मला ताबडतोब बोलावलं होतं. परीक्षेला नाही म्हणता येत नाही. हिशेब केला: एक बाटली अजून शिल्लक आहे, पुण्याची गाडी सकाळी दहाला आहे, पहाटे उठून सगळं नव्यानं करीन. निघता निघता ओरडून सांगितलं, "आत्याबाई, ताटलीतलं पाणी ओतून द्या आणि ताटली पालथी घालून ठेवा." आतून "व्हय" असा आवाज आला.

घरी आले तेव्हा दिवे गेलेले होते. अंधारात जेवले आणि झोपले. आत्याबाई म्हणाल्या की गावाकडून त्यांचे भाऊ आणि आणखी दोघं कोर्टाच्या तारखेला आले होते, चहा घेऊन शेवटच्या एसटीनं गेले. मी ऐकलं न ऐकलं केलं.

पहाटे कंदील घेऊन कोठीत गेले. ताटली पालथी नव्हती. ती भरलेलीच होती, वर परात झाकलेली आणि परातीवर ओलं फडकं घातलेलं, जसं आम्ही उन्हाळ्यात माठावर घालतो तसं. मला राग आला, पण आधी काम, म्हणून मी बाटलीकडं हात केला. बाटली रिकामी होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत्याबाईंना उठवलं, म्हणजे त्या उठलेल्याच होत्या, भाकरीचं पीठ मळत होत्या.

"बाटलीतलं पाणी कुठं गेलं?"

"पावण्यास्नी दिलं की."

"काय?"

"माठ रिकामा झाल्ता, टँकर आला न्हाय. तिघं उन्हातनं आले, जयभीम घालून दारात बसले. गुळाचा खडा दिला आन् पाणी दिलं. तूच म्हणलीस न्हवं, ह्या घरात समद्यात चोख पाणी ह्येच हाय. पावण्याला चोख पाणी देऊ न्हाय तर काय ताटलीतलं देऊ?"

घरात आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग चौकशी, ही रीत मीही त्यांच्याएवढीच पाळते. रागाच्या मध्येच मला एक भलतंच आठवलं आणि विचारलं, "त्यांना चव कशी लागली?"

"भाऊ म्हणला, ताई, तुमच्या शेराचं पाणी मोप गार हाय, पर त्याला चवच न्हाय. गुळाचा आणिक एक खडा घेतला त्यानं."

माझं हसू आवरेना. शेवटची संधी नवऱ्याच्या मामांच्या पोटात गेली होती, विहिरी डोळ्यांसमोर दिसत होत्या आणि मी चुलीशी बसून हसत होते. आत्याबाई घाबरल्या. मग मी हसायचं थांबले आणि विचारलं, "आणि ताटलीतलं का नाही ओतलं? तुम्ही व्हय म्हणालात."

त्यांनी पिठाचा हात थांबवला. "झाडाला कालच घातलं व्हतं. त्याला आज नगं व्हतं. मग वतून कुठं देऊ, मोरीत? म्हणलं झाकून ठिवू, सकाळी तुझं तू बघ. हात न्हाय लावला म्या. वर नुसतं फडकं भिजवून घातलं."

मी कोठीत परत गेले. रात्रभराचं शिळं पाणी. त्यात काल दुपारी सोडलेलं प्रथिन. नियमाप्रमाणं ते केव्हाच फेकायला हवं होतं. पण दुसरं पाणी नव्हतं, दहाची गाडी होती आणि मोकळ्या हातानं पुण्याला जाण्यापेक्षा काहीतरी घेऊन जाणं बरं. मी परात उचलली. पाण्यावर धूळ दिसली नाही. चिमट्यात चकती धरली, पाण्याच्या तोंडाला टेकवली, उचलली, फिल्टर पेपरच्या कडेनं पाणी टिपलं. दुसरी, तिसरी. बाहेर आत्याबाई भाकरी थापत होत्या आणि एरवी गाणारी बाई आज अजिबात गात नव्हती.

गाडीत चकत्यांचा डबा मी मांडीवर धरून बसले. कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय, बाई? मी म्हटलं, शिळं पाणी. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. बार्शीपर्यंत तो माझ्याकडं बघतही नव्हता.

पुण्याला पोचल्यावर, जाळी असलीच तर उठून दिसावी म्हणून, चकत्यांवर धातूचा शिडकावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बसलो. ती खोली काळोखी असते. यंत्राच्या काचेमागं हिरवट उजेडाचा एक पडदा असतो आणि त्यावर जे असेल ते उमटतं. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी पहिली चकती आत सारली. सुरुवातीला नुसता राखाडी रंग. मी मनात विहिरींची यादी करू लागले, कुठल्या गावापासून सुरुवात करावी.

बाईंनी मोठं केलं. आणखी मोठं केलं.

चौकट. तिच्या शेजारी चौकट. ओळीला ओळ, कुठंही न चुकता, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईंनी चकती सरकवली तरी ती जाळी संपेना. त्या वर्गात मला ज्यानं पकडलं होतं तो फोटो एवढासा होता. हे मैदान होतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी त्या अंधारात मोठ्यानं हसले आणि बाईंनी दचकून माझ्याकडं पाहिलं. इतका निव्वळ आनंद मला त्याआधी फक्त एकदा झाला होता, मॅट्रिकच्या निकालाला.

सरांनी बाईंना चकती आणखी सरकवायला लावली. मग म्हणाले, "या वेळी काय वेगळं केलंत?"

मी सगळं सांगितलं. परीक्षा, मामा, गूळपाणी, फडकं. सर आधी गंभीरपणे ऐकत होते, मामांनी दुसरा खडा घेतल्याचं सांगितल्यावर त्यांनाही हसू फुटलं. मग ते पेन्सिलनं कागदावर रेघा मारत समजावू लागले, मला की स्वतःला ते कळेना. आपण घाई करत होतो. कण पाण्याच्या तोंडावर यायला वेळ घेतात, आले की एकमेकांना शोधायला आणखी वेळ घेतात. कोरड्या हवेत पाणी उडतं, तोंड हलतं, जाळी फाटते. ओल्या फडक्यानं हवा दमट ठेवली, परातीनं धूळ अडवली, आणि रात्रभर कुणी हात लावला नाही. विणायला त्यांना रात्र मिळाली.

"पण एकदा दिसलं एवढ्यानं भागायचं नाही," सर म्हणाले. "पुन्हा करून आणा. नेमकं तसंच."

"आणि विहिरी?"

"विहिरींचं कुणी बोललं का?" सर म्हणाले.

येताना मी पुण्यातून शुद्ध पाण्याचे दोन कॅन भरून घेतले. कंडक्टर तोच होता. त्यानं कॅनकडं बघितलं आणि यावेळी काही विचारलं नाही.

आत्याबाई ओट्यावर बसून वाट बघत होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "माझ्यापायी तुझं शिक्शान गेलं का गं?" त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. दोन रात्री त्या झोपल्या नव्हत्या, हे नवऱ्यानं मागून सांगितलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, झालं, आत्याबाई, जाळी झाली, तुमच्यामुळं झाली. त्यांना ते पटायला वेळ लागला. त्यांना वाटलं मी समजूत घालते आहे. मग मी म्हटलं की सरांनी सगळं पुन्हा तस्संच करायला सांगितलंय, आणि तेव्हा कुठं त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"तस्संच म्हंजे," त्या म्हणाल्या, "पावणे पण बोलवायचे व्हय?"

पाहुणे बोलावले नाहीत. पण फडकं त्यांनीच भिजवलं, परात त्यांनीच झाकली आणि त्या रात्री कोठीच्या दारात कुणाला फिरकू दिलं नाही. नवरा पाणी प्यायला उठला तर त्यालाही हळू चाल म्हणाल्या. सकाळी थर उचलला. पुढच्या खेपेला जाळी पुन्हा होती, तितकीच लांबरुंद. त्यानंतरच्या काही महिन्यांत त्या जाळीच्या भोकांतून धातूचे ठिपकेही उमटले. मी धाराशिव सोडलं नाही, विषयही सोडला नाही.

ठिपक्यांचा फोटो मी मोठा करून घरी आणला तेव्हा पाऊस होऊन गेला होता. गावाकडच्या विहिरीला पाणी आलं होतं आणि आत्याबाईंची पिशवी भरलेली होती, कळशी दाराशी. त्यांनी फोटो उजेडात धरला. एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग त्याच्या शेजारच्या, मग ओळीनं पुढं पुढं, शेवटपर्यंत.

"ह्यो छापा?"

"हो."

"किती सारखं हाय गं. कुणी काढलं?"

"कुणी नाही. आपोआप झालं."

त्यांनी फोटो खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "मग आपुन काय केलं?"

सरांनी कागदावर मारलेल्या सगळ्या रेघा मला आठवल्या. पण त्यांना सांगण्यासारखं एवढंच होतं.

"आपण पाणी फेकलं नाही, आत्याबाई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्ये तर फेकायचंच नसतंय." मग त्यांनी कोठीतली ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यातलं पाणी कढीपत्त्याला घालायला घेऊन गेल्या.